वाळूत चालणारं गाडं

चेन्नईत मे महिन्याला कुणी मे म्हणत नाही. कत्तिरी म्हणतात, म्हणजे कात्रीचं ऊन. पंचांगात त्याचे दिवस आखलेले असतात, कधी लागणार आणि कधी सुटणार, आणि ऊन ते इमानाने पाळतं. वेलचेरीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी ताडगोळेवाला सायकल उभी करतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी आठलाच अंगाला चटका देतं. शेअर ऑटोच्या रेक्झिनला मांड्या चिकटतात आणि उतरताना सोलून निघाल्यासारख्या सुटतात. याच दिवसांत समुद्र स्वच्छ होतो. एप्रिलच्या मध्यापासून दीड महिना मोठ्या ट्रॉलरना बंदी असते, माशांना अंडी घालता यावीत म्हणून. तळ खरवडणारी जाळी थांबली की गाळ खाली बसतो, आणि एरवी स्वतःची बोटं दिसत नाहीत त्या पाण्यात आठ-दहा मीटर लांबचं दिसायला लागतं. जमिनीवर माणसं भाजून निघतात तेव्हा खाली सगळं उघडं पडलेलं असतं. डायव्हिंगचा मोसम तो हाच.

यंदा कत्तिरी लागला त्याच दिवशी कॅप्टनचा फोन आला. कॅप्टन म्हणजे किनाऱ्यावरच्या डायव्हिंग सेंटरचे मालक. कधी काळी बोटीवर होते, तेव्हापासून सगळे त्यांना कॅप्टनच म्हणतात.

"इन्स्ट्रक्टर होतेस का? दोन वर्षांपूर्वी नाही म्हणालीस. गोव्याचा माणूस सोडून गेला. शनिवारपर्यंत सांग."

मी विचार करते म्हणाले. 

मी इचलकरंजीची. आमच्याकडे पाणी म्हणजे पंचगंगा आणि मळ्यातल्या विहिरी. मी सात वर्षांची असताना आप्पांनी पाठीला डबा बांधून मला विहिरीत ढकललं आणि काठावर बसून ते वर्तमानपत्र वाचत राहिले. मी ओरडले. ते पान उलटत म्हणाले, "ओरडायला जी हवा लागते ती पोहायला वापर." आप्पा यंत्रमाग कामगारांच्या युनियनची पत्रकं लिहायचे. वाटून उरलेली पत्रकं घरी आली की माझ्या वह्या व्हायच्या. पुढच्या बाजूला मागण्या, मागच्या कोऱ्या बाजूला माझे पाढे. शाई आरपार उमटलेली असायची, त्यामुळे सतराचा पाढा मी कुणाच्या तरी निषेधावरून लिहिला आहे. आमच्या घरात 'मला हवंय' असं कुणी म्हणत नसे. 'आम्ही मागणी करतो' असं म्हणत. नवा फ्रॉक हवा असेल तर आधी कुणावर तरी अन्याय झालेला असावा लागे.

पत्रकाचे आप्पांचे दोन नियम होते. मजकूर एका पानात मावला पाहिजे, कारण गेटवरचा कामगार चालता चालता वाचतो. आणि लिहिणाऱ्याचं नाव कधीही नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची सही. "आपण नुसता हात," ते म्हणायचे, "तोंड त्यांचं." हे वाक्य मी इतकी वर्षं इतक्या श्रद्धेने वागवलं, की त्याच्या आत काय आहे ते उघडून बघायला मला एक माणूस मोडावा लागला.

इंजिनिअर होऊन मी इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात लागले. ब्रेकचे भाग तपासायचे, नापास भागाला लाल चिठ्ठी लावायची. सहा दिवस लाल चिठ्ठ्या आणि सातव्या दिवशी समुद्र. एका रविवारी कुतूहल म्हणून गेले आणि मग एकामागून एक सगळे कोर्स करत गेले. पाण्याखालचा पहिला श्वास अजून आठवतो. रबराची चव, धातूचा थंड वास, आणि आपलाच श्वास कुणीतरी शेजारी बसून घेत असल्यासारखा आवाज. मग डोक्यावरचं ऊन हिरवं झालं, मग करडं. कानात दुखलं, नाक दाबून फुंकर मारली, दुखणं सुटलं. वाळूवर एक चपटा मासा पडून होता आणि त्याला माझ्याशी काहीही देणंघेणं नव्हतं. पाण्याखाली घोषणा देता येत नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी अशा ठिकाणी होते जिथे माझ्या मताची कुणाला गरज नव्हती, आणि मला तिथून वर यावंसं वाटेना.

तिथे एळुमलै होता. शेजारच्या कुप्पमचा, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीचा. चाळिशीचा, उन्हाने करपून काळा-तांबडा झालेला. फायबरची छोटी होडी त्याची स्वतःची. तिला बंदी लागू नव्हती. सेंटरच्या कागदावर तो 'होडीवरचा मदतनीस'. प्रत्यक्षात प्रवाह कुठला, आज कुठल्या खडकावर जायचं, कुणाला पाण्यात न्यायचं आणि कुणाला काठावरून परत पाठवायचं हे सगळं तो ठरवायचा. तो पाणी जिभेवर घेऊन थुंकायचा आणि म्हणायचा, "आज तळाशी थंड आहे. त्या जाड्याला दोन सूट घाला." सेंटरच्या फलकावर चार इन्स्ट्रक्टरांचे हसरे फोटो होते. चौघांनाही हा समुद्र एळुमलैने दाखवला होता. त्याचा फोटो नव्हता, कारण त्याच्याकडे इन्स्ट्रक्टरचं कार्ड नव्हतं, कारण परीक्षा इंग्रजीत होती.

"तुमचा फोटो का नाही, अण्णा?" मी एकदा विचारलं. माझं तमिळ तेव्हा भाजी आणण्यापुरतं होतं; 'पाप्पा' म्हणजे लहान पोरगी, एवढं मात्र कळायचं.

"माझा फोटो लावला तर गिऱ्हाईक पळेल, पाप्पा. पासपोर्टवर माझी बायकोच मला ओळखत नाही."

"तुमच्याकडे पासपोर्ट आहे?"

"नाही. म्हणूनच वाचलो."

तो हसला. मी हसले नाही. त्या हसण्यात मला दडपलेला आवाज ऐकू आला. माझे कान तसेच घडवलेले होते. त्यांना साधं हसू ऐकू येत नसे.

त्सुनामीनंतरचा तो तिसरा कत्तिरी, दोन वर्षांपूर्वीचा. सेंटरपासून पाण्यापर्यंत शंभर-दीडशे पावलांची वाळू, आणि दहा वाजल्यानंतर ती तव्यासारखी. एळुमलै दोन्ही खांद्यांवर एकेक सिलिंडर घेऊन त्यावरून अनवाणी जायचा, यायचा, जायचा. उजवा खांदा त्याचा खाली उतरलेला होता, गाडीचं एक चाक बसल्यासारखा. मी त्या मोसमात इन्स्ट्रक्टरांच्या मदतीला पाण्यात जायची. पुढे इन्स्ट्रक्टर व्हावं का, हा विचार मनात येऊन गेला होता. नोकरी सोडावी लागणार होती. आप्पांना काय सांगायचं हा प्रश्न होता. श्रीमंतांच्या पोरांना मासे दाखवणं हे कुठल्या लढ्यात बसतं?

त्यातच कार्तिकची डाइव्ह झाली. कार्तिक वेलचेरीतलाच, संगणकाच्या कंपनीत, नवं लग्न झालेलं. बायको काठावर कॅमेरा घेऊन बसलेली. दहा मीटरवर त्याच्या मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरलं. चमचाभरच. मी त्याचे डोळे बदलताना पाहिले. माणूस आतून निघून जातो आणि डोळे उघडे राहतात, तसे. त्याने श्वास रोखला, पाय मारले आणि वर सुटला. दहा मीटरवर रोखलेल्या श्वासाची वर पोहोचेपर्यंत दुप्पट हवा होते, आणि फुप्फुस काही दुप्पट होत नाही. इन्स्ट्रक्टर पुढे होता. जवळ मी होते. मी कार्तिकच्या जॅकेटचा छातीवरचा पट्टा धरला, जॅकेटमध्ये तरंगायला भरलेली हवा सोडली आणि त्याला खाली ओढलं.

त्याने मला मारलं. माझा मास्क वाकडा झाला. त्याने माझी बोटं उघडायचा प्रयत्न केला, एकेक करून. मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिले आणि त्याच्या तोंडातून बुडबुडे येईपर्यंत सोडलं नाही. बुडबुडे आले, म्हणजे श्वास सुटला. मग तो रडायला लागला. पाण्याखाली रडणारा माणूस फार विचित्र दिसतो, कारण अश्रूंना जायला जागा नसते.

वर आल्यावर तो वाळूत ओकला आणि बायकोसमोर मला म्हणाला, "तू मला मारायला निघाली होतीस." बायकोने कॅमेरा पिशवीत घातला. एळुमलैने होडीतूनच तोंड फिरवलं. तो हसत होता. नंतर दोर गुंडाळताना मला म्हणाला, "बरोबर धरलंस. सोडायचं नसतंच. शिव्या देईल, चावेल. वर जाऊन पाया पडेल किंवा पोलिसात जाईल. दोन्ही चालतं. पण धरण्याआधी एक बघितलंस का?"

"काय?"

"त्याचा काटा."

सिलिंडरमध्ये हवा किती उरली हे दाखवणारा काटा प्रत्येकाच्या नळीला लटकलेला असतो. मी पाहिला नव्हता.

"त्याची हवा संपत आलेली असती आणि तू धरून बसली असतीस, तर? आधी त्याचा काटा, मग आपला. धरणाऱ्याला हे माहीत पाहिजे, की समोरच्याकडे किती आहे."

मी मान डोलावली. त्या क्षणी मी दुसऱ्याच विचारात होते. मला ते धरणं आवडलं होतं. समोरचा जिवाच्या आकांताने सुटू पाहतो आणि आपला हात हलत नाही, कारण आपण बरोबर आहोत हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. असं सुख मला आधी कशात मिळालं नव्हतं. पत्रकं वाटण्यातही नाही. मी एळुमलैला ते सांगितलं, चाचरत. तो म्हणाला, "आवडतं? मग बरं. ज्याला आवडत नाही तो सोडतो." आणि खांदा चोळत उठला. "आवडीनिवडीचं बोलतेस तर कॅप्टनला सांग, वाळूत चालणारं एक गाडं आण म्हणावं. जाड टायरचं. पुदुच्चेरीकडे पाहिलंय मी. सहा सिलिंडर एकदम जातात."

एवढंच. दोन वर्षं मी हे वाक्य उलटसुलट करून पाहिलं आहे. त्यात त्याने यापेक्षा जास्त काही मागितलेलं नाही.

मी पत्रक लिहायला बसले. आठवडाभर कारखान्याच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, लाल चिठ्ठ्यांच्या पाठीवर. फलकावरचे फोटो, इंग्रजीतली परीक्षा, समुद्र कुणाचा आणि कार्ड कुणाचं. असं पत्रक आप्पांनी आयुष्यात लिहिलं नसेल. मराठीत लिहिलं आणि तमिळ करायला घरमालकीण सुलोचनाबाईंकडे गेले. त्या तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या, शाळेत तमिळ शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची मराठी त्यांच्या पणजीकडून आलेली, वळणं तमिळची. माझ्या मराठीला त्या 'रेडिओची मराठी' म्हणायच्या.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "'शोषण' म्हणजे सुरंडल. चांगला शब्द आहे, तोंड भरतो. राग बरा लिहितीस मा तूं. हें खालीं एळुमलै कोण?"

"त्याच्यावरच अन्याय झालाय. त्याची सही येणार तिथे."

"आणि तुझी?"

मी आप्पांचा नियम सांगितला. त्यांनी चष्मा काढला.

"राग तुझा, नांव त्याचें. हा कुठला न्याय? तुझे आप्पा नोकरी कुठें करत होते?"

"युनियनमध्येच. पूर्ण वेळ."

"म्हणजे त्यांना काढणारा कोणी नव्हता," असं म्हणून त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि भाषांतर सुरू केलं.

तमिळ मजकूर लांबला. एका पानात मावेना. शेवटची मागणी गाड्याची होती. मोठ्या मागण्यांच्या रांगेत ती तशीही बारकी दिसत होती, जत्रेत हरवलेल्या पोरासारखी. मी ती काढली. 'सन्मानाने काम करण्याची परिस्थिती' या शब्दांत गाडंही आलंच, असं मला वाटलं. खरोखर वाटलं.

सही घ्यायला गेले तेव्हा तो होडीच्या कडेवर बसून जाळं सांधत होता. कागद गुडघ्यावर ठेवून त्याने वाचायला घेतला, बोट फिरवत, ओठ हलवत. अर्ध्यात थांबला.

"गाड्याचं लिहिलंस?"

"त्यात सगळं आलंय, अण्णा."

"कॅप्टन माणूस वाईट नाही, पाप्पा. राहू दे."

"प्रश्न माणसाचा नाही."

तो उठायला लागला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. घट्ट धरलं असं म्हणता येणार नाही. पण काढलाही नाही. त्याच्या डोळ्यांत बघत राहिले, त्यानेच शिकवलं होतं तसं, आणि बोलत राहिले. आपल्या माणसांचं, पुढच्या पिढीचं, भीतीचं. त्याची नजर एकदा होडीकडे गेली, एकदा वस्तीकडे. मग त्याने पेन घेतलं आणि हळूहळू, शाळेत काढतात तसं, आपलं नाव काढलं. बुडबुडे आले, असं मला वाटलं. आता तो ठीक आहे.

रविवारी ती पत्रकं सेंटरबाहेरच्या गाड्यांच्या काचांवर होती. अकराच्या सुमाराला कॅप्टन बाहेर आले. हातात एक. ते ओरडले असते तर मला काय करायचं ते ठाऊक होतं. ओरडणाऱ्या मालकांसाठी मला लहानपणापासून तयार केलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "एळुमलै, सही तुझी आहे?"

मी धुण्याच्या टाकीपाशी मास्क धूत होते. चार पावलांवर. एळुमलैने माझ्याकडे पाहिलं. पाण्याखाली माणूस दुसऱ्याकडे बघून बोटाने गळ्यापाशी खूण करतो, हवा संपली, तुझी दे; तसं पाहिलं. मी मास्क धूत राहिले. लिहिणाऱ्याचं नाव कधीही नसतं. आपण नुसता हात. माझा हात मास्कच्या काचेवर गोल गोल फिरत होता.

"माझीच," तो म्हणाला.

"मग उद्यापासून येऊ नकोस. वाईट वाटून घेऊ नकोस. तुला इथे सन्मान नाही असं तूच लिहिलंयस."

एळुमलै वाळूवरून गेला. त्या दिवशी खांद्यावर काही नव्हतं, तरी उजवा खांदा तसाच उतरलेला होता.

पुढच्या रविवारी कॅप्टननी मला ऑफिसात बोलावलं. फॉर्म पुढे ठेवला. "पाण्यात तुझा हात स्थिर आहे. इन्स्ट्रक्टर हो. परीक्षेची तयारी मी करून घेतो." मी काही बोलायच्या आत म्हणाले, "पत्रक उत्तम होतं. एळुमलै तसं तमिळ बोलत नाही. जो असं लिहितो, तो शिकवेलही चांगलं." त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्यांनी त्याला विचारलं होतं, माझ्यासमोर, मी काय करते ते बघायला. ती त्यांनी घेतलेली माझी परीक्षा होती आणि मी तीत पास झाले होते.

मी नाही म्हणाले. तोंडी नाही; दोन पानी पत्र लिहून. एका कष्टकऱ्याच्या जागेवर पाय ठेवून मी उभी राहणार नाही, वगैरे. त्या पत्राखाली मी स्वतःची सही केली. त्यात धोका काहीच नव्हता.

त्या रात्री आप्पांना फोनवर सगळं सांगितलं, पत्र वाचून दाखवलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पत्र चांगलं आहे. दुसऱ्या परिच्छेदातलं एक विशेषण काढ." मग एळुमलैबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "लढ्यात असं होतं."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. मी तिसरीत होते. एक बाई आमच्या दारात येऊन बसली होती, उंबऱ्याच्या बाहेर. तिच्या नवऱ्याची सही पत्रकावर होती आणि त्याला मागावरून काढलं होतं. आईने तिला चहा दिला. ती प्यायली नाही. कप हातात धरून नुसती बसली, साय जमेपर्यंत. आप्पा दारात उभे राहून तिला म्हणाले, "ताई, लढ्यात असं होतं." मी आत जमिनीवर पालथी पडून गणितं करत होते. कागद उलटला तर मागे तिच्या नवऱ्याचं नाव होतं. मी पुन्हा पालटून पुढचं गणित केलं. उत्तर बरोबर आलं होतं, हेही आठवतं.

पत्र दिल्यावर मी मोठ्या मनाने एळुमलैच्या घरी गेले. बातमी द्यायला, की तुमची जागा मी घेतली नाही. तो दारात बसला होता, बायको मासे साफ करत होती. त्याने ऐकून घेतलं आणि मग असं विचारलं, की ते आठवून मी आजही झोपेतून उठते.

"होडी कुणाची न्यायची हे कोण ठरवतं?"

"इन्स्ट्रक्टर."

"कॅप्टन मध्ये पडतो?"

"नाही." कधीच पडत नसत. माणसं घेऊन जो पाण्यात उतरतो, होडी त्याच्या विश्वासाची; हा तिथला रिवाज होता.

"तू हो म्हणाली असतीस तर दर रविवारी माझी होडी लागली असती. आता गोव्याहून माणूस येणार. तो स्वतःची होडी आणेल." त्याने बायकोकडे पाहिलं. "बघ, शिकलेली पोरगी. आधी मला खाली धरलं. मग माझ्यासाठी म्हणून दोर कापला."

बायकोने माशाचं पोट चिरलं, आतलं बोटाने काढून कावळ्यांना फेकलं आणि म्हणाली, "चहा घेशील का, मा?" मी नाही म्हणाले. घ्यायला हवा होता.

ही दोन वर्षं मी समुद्रावर गेले नाही. त्याला प्रायश्चित्त म्हणत होते. खरं म्हणजे मला पोहायला हवं होतं आणि तसं म्हणायला शब्द नव्हता. कारखान्याच्या बसमधून येताना डुलकी लागली की कानात रबरी नळीतला श्वास ऐकू यायचा, आणि जाग आली की समोरच्या सीटवर कुणाचं तरी डोकं हलत असायचं. माझ्या न जाण्याने कुणाच्या ताटात काही पडलं नाही. त्याग केला की कुणाला तरी काही मिळतंच, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. बऱ्याचदा त्याग हा नुसता एका माणसाचा हट्ट असतो, आणि त्याचं ओझं दुसराच वाहतो.

काल, शनिवारी, रजा टाकून एळुमलैकडे गेले. तोच उंबरा, तेच कावळे. मी त्याच्या उजवीकडे बसून दोन मिनिटं बोलले. तो समुद्राकडे बघत राहिला. आतून बायको म्हणाली, "त्या कानाशी बोलून उपयोग नाही. तो समुद्राने घेतला. डावीकडे बस."

मी डावीकडे गेले. तो आता बंदरात काम करतो. ट्रॉलरच्या पंख्यात जाळं अडकलं की तोंडात कॉम्प्रेसरची नळी धरून खाली जायचं आणि सुरीने कापायचं. एका घाईच्या दिवशी कानाचा पडदा फाटला.

"कॅप्टननी पुन्हा विचारलंय," मी म्हणाले. "मी हो म्हटलं तर होडी तुमचीच—"

"होडी विकली."

"मग तुम्ही माझ्याबरोबर पाण्यात—"

"दहा मीटर गेलो तर हा कानही जाईल. बंदरात तीन मीटर असतं. तेवढं चालतं."

सावली आमच्या पायांवरून सरकून गेली. वाळूचा चटका चपलेतून लागायला लागला.

"मग मी काय करू, अण्णा?"

तो मोठ्याने हसला. एका कानाने ऐकणारी माणसं हसतात तसं, अंदाज चुकून.

"आता विचारायला आलीस? सही घेतलीस तेव्हा विचारलं नाहीस, सांगितलंस. नाही म्हणालीस तेव्हाही विचारलं नाहीस. आता काय, अजून एक सही हवी माझी? मी हो म्हणालो तर तू सुटलीस. नाही म्हणालो तरी तू सुटलीस. या वेळी तुझी सही तू कर, पाप्पा."

त्याने डावा कान माझ्याकडे केला.

"पाण्यात जायला आवडतं ना तुला?"

"आवडतं."

"मग तेवढंच लिही. जास्त लिहू नकोस. तू लिहिलंस की आमच्यातला एक जातो." आत बायको हसली. "आणि कॅप्टनला माझ्यासाठी काही सांगू नकोस. एकदा सांगितलंस, पुरे झालं."

उठताना मला त्याचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. त्यातही माझंच काहीतरी हलकं झालं असतं. बायकोने चहा पुढे केला. या वेळी मी तो घेतला. फार गोड होता. पूर्ण प्यायले.

तिथून सेंटरवर गेले. कॅप्टननी फॉर्म काढला. तोच नमुना. एका चौकटीत प्रश्न होता, तुम्हाला इन्स्ट्रक्टर का व्हायचं आहे, आणि खाली आठ रिकाम्या ओळी. आठ ओळी बघून माझ्या बोटांना सवयीने सुरसुरी आली. मी एक ओळ लिहिली: मला पाण्याखाली राहायला आवडतं. सात ओळी तशाच ठेवल्या. मग नाव लिहिलं. पूर्ण, मधलं आप्पांचं धरून. सही केली. कॅप्टननी ती ओळ वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, लाल चिठ्ठी लावायची की नाही हे बघतात तसं.

"एवढंच?"

"एवढंच."

आज रविवार. पुढच्या महिन्यापासून कारखाना सुटेल. परीक्षेआधीचे हे दिवस मदतीचे. सकाळी शिकायला आलेली तिघं जण वाळूवर अंग आक्रसून उभी होती. एकीच्या डोळ्यांत भीती आत्ताच दिसत होती. खाली गेल्यावर ती सुटू पाहील. मी तिला धरेन आणि सोडणार नाही, आणि ते मला आवडेल. हे आता मी स्वतःपासून लपवत नाही. तिचा काटा आधी बघेन. त्यापलीकडे माझ्याकडे चांगुलपणाची कसलीही हमी नाही.

भिंतीशी एक गाडं उभं होतं. पितळी रंगाचा दांडा, जाड, मऊ टायर. गोव्याच्या माणसाने पहिल्याच आठवड्यात मागितलं आणि कॅप्टननी दुसऱ्या आठवड्यात आणलं, असं ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं. साधं विचारलं त्याने, म्हणाल्या, गाडं मिळेल का म्हणून.

मी सहा सिलिंडर त्यावर आडवे ठेवले, दांडा धरला, अंग पुढे झोकून जोर लावला, आणि तोल जाऊन जवळजवळ पडलेच. एवढा जोर लावायची गरज नव्हती. गाडं तापलेल्या वाळूवरून, दोन बोटांनी ओढावं तितकं हलकं, माझ्यामागे पाण्यापर्यंत आलं.